कप्तानाचे वय आणि खुणेचे शब्द

"एका बोटीवर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर बोटीच्या कप्तानाचे वय किती?"

फ्रान्समधील ग्रनोबल शहरातल्या गणित-अध्यापनाच्या एका संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास हा प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना घातला. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी आकडेमोड करून कप्तानाचे वय काढून दाखवले. "मेंढ्यांचा आणि वयाचा काय संबंध?" असे विचारणारी मुले थोडीच निघाली.

हे वाचून प्रथम हसू येते. पण थोडा विचार केला की लक्षात येते, मुले वेडी नव्हती. शाळेत शिक्षकांनी घातलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, ते दिलेल्या संख्यांतूनच काढायचे असते आणि सर्व संख्या वापरायच्याच असतात, हा अनुभव त्यांनी रोज घेतला होता. गी ब्रूसो या फ्रेंच गणित-शिक्षणतज्ज्ञाने यालाच शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील अलिखित करार म्हटले आहे. मुलांनी तो करार इमानाने पाळला. दोष काढायचाच तर तो कराराचा काढला पाहिजे.

आपल्याकडे हा करार कसा लिहिला जातो, याचा विचार आम्हाला येथे करायचा आहे.

भिंतीवरचा तक्ता

अनेक वर्गांच्या भिंतींवर, गाइडांत आणि शिकवणीच्या वह्यांत एक तक्ता आढळतो. 'एकूण, मिळून, जास्त' हे शब्द आले की बेरीज. 'उरले, शिल्लक, कमी, फरक' आले की वजाबाकी. 'पट, दराने' आले की गुणाकार. 'वाटले, समान, प्रत्येकी' आले की भागाकार. शाब्दिक उदाहरण समोर आले की खुणेचा शब्द शोधायचा, त्याखाली रेघ मारायची आणि त्याप्रमाणे क्रिया करायची. आम्हीही काही वर्षे असेच शिकवले आहे, हे आधीच कबूल करतो. मुलांना गुण मिळत, आम्हाला समाधान वाटे.

आता पुढील चार उदाहरणे पाहा. चारही तिसरी-चौथीच्या आवाक्यातली आहेत.

१. रमाकडे १२ बोरे आहेत. सुधापेक्षा तिच्याकडे ५ बोरे जास्त आहेत. सुधाकडे किती बोरे आहेत?

२. बाईंनी ८ मुलांना प्रत्येकी ३ पेढे वाटले. बाईंनी किती पेढे वाटले?

३. डब्यात रव्याचे आणि बेसनाचे मिळून एकूण २४ लाडू आहेत. त्यांत ९ बेसनाचे आहेत. रव्याचे किती?

४. गणूच्या ७ गोट्या हरवल्या. आता त्याच्याकडे १५ उरल्या. आधी किती होत्या?

तक्त्याप्रमाणे पहिल्याचे उत्तर १७ येते. दुसऱ्यात 'प्रत्येकी' आणि 'वाटले' असे दोन शब्द भागाकाराची खूण करतात, आणि ८ ला ३ ने भाग जात नाही म्हणून मूल अडकून बसते. तिसऱ्यात ३३ येते, म्हणजे सगळ्या डब्यात जेवढे लाडू आहेत त्यापेक्षा नुसते रव्याचेच जास्त! चौथ्यात 'उरल्या' म्हणून ८. चारही उत्तरे चूक. बरोबर उत्तरे अनुक्रमे ७, २४, १५ आणि २२ आहेत.

ही उदाहरणे आम्ही मुद्दाम आडवळणाची निवडली आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. पण ही साधी, घरगुती बोली आहे. 'जास्त' हा शब्द दोन गोष्टींतील संबंध सांगतो; काय करायचे ते सांगत नाही. कोणाचे माहीत आहे आणि कोणाचे काढायचे आहे, हे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. तक्ता तर मुलाला वाक्य पूर्ण न वाचण्याचीच सवय लावतो.

मग तक्ता इतकी वर्षे चालला कसा?

तो चालतो, कारण आपण उदाहरणेच तो चालावा अशी घालतो. वजाबाकीचा पाठ संपला की त्याखाली 'वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे' येतात. सगळी दहाच्या दहा वजाबाकीची. प्रत्येकात दोनच संख्या, एक मोठी, एक लहान. ती सोडवायला तक्ताही लागत नाही. शीर्षक वाचले की पुरे. घटक चाचणीत मुले पास होतात. सहामाहीला सगळ्या क्रिया एकत्र येतात तेव्हा तीच मुले विचारतात, "बाई, अधिक करू की वजा?" हा प्रश्न ऐकला की आपण म्हणतो, मुले नीट वाचत नाहीत. वाचायची गरज पडेल असे उदाहरण आपण त्यांना दिले होते का, हे मात्र आपण स्वतःला विचारत नाही.

यात भाषेचाही भाग आहे. 'उर्वरित', 'अनुक्रमे', 'शिल्लक' हे शब्द पुस्तकी आहेत. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला गणित येत असूनही असा एक शब्द अडवू शकतो. तेथे शब्दाचा अर्थ मुलाच्या बोलीत सांगणे हे शिक्षकाचे कामच आहे. पण शब्दाचा अर्थ सांगणे वेगळे आणि शब्दाला क्रियेचे चिन्ह चिकटवणे वेगळे.

आकडेमोड बरोबर, उत्तर चूक

अर्थाकडे न पाहण्याची सवय वयाबरोबर सुटते असेही नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते: सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिले '३१ बाकी १२', तर १८ टक्क्यांनी नुसते ३१. बरोबर उत्तर, म्हणजे ३२, फक्त २३ टक्क्यांनी दिले. उरलेल्या बारा सैनिकांचे काय झाले, याची चौकशी बाकीच्यांनी केली नाही. हीच मुले सहलीला निघाली असती, तर बारा मित्रांना रस्त्यावर सोडून बस सुटू देतील का?

याच्या उलट चित्र ब्राझीलमधील रेसिफी शहरात दिसले. तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांचा हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात माल विकणाऱ्या, ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना त्यांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. मग तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने घातली. नुसत्या आकड्यांत मांडल्यावर बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर घसरली, पण शाब्दिक उदाहरणांच्या रूपात ती ७४ टक्के होती. ३५ क्रुझेरोला एक नारळ, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांच्या विक्रेत्याने तीन नारळांचे १०५ धरले, तीन-तीनचे गट मिळवत ३१५ वर आला आणि एका नारळाचे ३५ घालून ३५० सांगितले. दहाने गुणताना शून्य द्यायचे, हा नियम त्याला लागला नाही.

आपल्या देशातील अनुभव याला पुस्ती जोडतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथे केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारात काम करणारी मुले तोंडी हिशेबात तरबेज, पण शाळेच्या गणितात कच्ची निघाली. बाजारात काम न करणारी शाळकरी मुले शाळेचे गणित करू शकली, पण बाजारी हिशेबात अडखळली. दोन्ही बाजूंना पूल नाही. आमच्या मते शाब्दिक उदाहरण हाच तो पूल आहे, आणि रेसिफीचे ७४ टक्के तेच सुचवतात. खुणेच्या शब्दांचा तक्ता हा पूल बांधत नाही, उलट तोडतो.

एक उदाहरण, दोन मुले

आता जरा कठीण उदाहरण घेऊ. रमेश आणि सुरेश यांच्याकडे मिळून ५६ गोट्या आहेत. रमेशकडे सुरेशपेक्षा १४ जास्त आहेत. तर प्रत्येकाकडे किती?

एक मूल 'मिळून' आणि 'जास्त' पाहून ५६ + १४ = ७० असे लिहिते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते. दोघांच्या मिळून ५६ असताना एकाकडे ७० कशा, हे त्याला खटकत नाही.

दुसरे मूल फळ्यावर दोन पट्ट्या काढते. सुरेशची आखूड, तिच्याखाली रमेशची तेवढीच आणि पुढे १४ चा तुकडा. तो तुकडा झाकला तर ५६ − १४ = ४२ उरतात आणि त्या दोन सारख्या पट्ट्या होतात. म्हणून सुरेशकडे २१, रमेशकडे ३५. तिसरे एखादे मूल म्हणेल, तुकडा झाकायचा कशाला? सुरेशलाही आणखी १४ देऊ. मग ५६ + १४ = ७० होतील, दोघांच्या पट्ट्या सारख्या होतील, आणि ७० चे निम्मे म्हणजे रमेशच्या ३५!

म्हणजे पहिल्या मुलाची बेरीज मुळात निरुपयोगी नव्हती. ७० हे कशाचे ७०, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. सगळा फरक तेथे आहे.

वर्गात काय करता येईल?

पहिले, संख्या झाकून उदाहरण वाचावे. "रमाकडे काही बोरे आहेत. सुधापेक्षा तिच्याकडे थोडी जास्त आहेत." आता विचारावे, कोणाकडे कमी? आकडेच नसल्यामुळे आकडेमोडीची घाई होत नाही.

दुसरे, मुलांना ते करून दाखवू द्यावे. चिंचोके, खडे, चित्र, काहीही चालेल. टॉमस कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या ७० मुलांना नऊ उदाहरणे दिली होती. त्यांत गुणाकार-भागाकाराचीही होती. जवळजवळ निम्म्या मुलांनी सगळ्या नऊ उदाहरणांना योग्य रीत वापरली. त्यांनी गोष्टीत घडते तसे वस्तू मांडून केले. आपण क्रियांची नावे शिकवण्यापूर्वीच मुले एवढे करू शकतात.

तिसरे, उदाहरणे मिसळून द्यावीत. एखाद्यात जादा माहिती असावी, एखाद्यात अपुरी. "हे सुटणार नाही, कारण अमुक दिलेले नाही" हेही पूर्ण गुणांचे उत्तर मानावे. कप्तानाचा प्रश्न अधूनमधून अवश्य घालावा. फसलेल्या मुलांना मात्र हसू नये.

चौथे, उत्तर गोष्टीत परत ठेवून पाहावे. ३५ आणि २१ मिळून ५६ होतात का? फरक १४ येतो का? जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यांतली पहिली प्रश्न समजून घेण्याची आणि शेवटची मागे वळून पाहण्याची आहे. आपण बहुधा मधल्या दोनच करतो.

वर्गात पन्नास-साठ मुले, अभ्यासक्रम पुरा करायचा, वर शिष्यवृत्ती परीक्षा; एवढा वेळ कोठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. आमचे उत्तर एवढेच की तासाला दहाऐवजी तीन उदाहरणे घ्यावीत. दहा उदाहरणे न वाचता सोडवून जे मिळते, त्यापेक्षा तीन वाचून अधिक मिळते.

एक इशाराही दिला पाहिजे. वरच्या पट्ट्यांची पद्धत सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून रुजली आणि आता जगभर गेली आहे. पद्धत चांगली आहे. पण उद्या 'मिळून आले की दोन पट्ट्या काढा' असा तक्ता भिंतीवर लागला, तर आपण पुन्हा मूळ जागी येऊ. पट्टी मुलाने स्वतः विचार करून काढली तरच ती उपयोगी. ती कोठे आखूड आणि कोठे लांब, हे त्याला सांगता आले पाहिजे.

खुणेच्या शब्दांनी दोन-चार गुण वाढतात हे आम्ही नाकारत नाही. पण त्यासोबत मूल एक गोष्ट शिकते: गणितात अर्थ शोधायचा नसतो. ही गोष्ट एकदा पक्की झाली की पुढे बीजगणितात 'क्ष' म्हणजे काय आणि टक्केवारी कशाची, हेही विचारायचे असते, असे त्याला वाटत नाही. म्हणून आमची विनंती आहे की भिंतीवरचा तो तक्ता उतरवावा. त्या जागी एकच प्रश्न लिहावा: "या गोष्टीत काय घडले?"