स्पर्धेतील पाहुणा : दूरचित्रवाणीवरील मराठी गायनस्पर्धांतील एका भूमिकेचा विचार

१

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. लहान वयात कीर्ती व ताण ह्यांचा भार मुलांवर पडावा काय, हा एक. आणि श्रोत्यांच्या मतदानाने गुणवत्ता ठरावी काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु ते स्पर्धेच्या बाहेर उभे राहून विचारलेले आहेत. पहिला बालमानसशास्त्राचा आहे, दुसरा समाजशास्त्राचा. संगीताच्या आणि काव्याच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न त्याहून निराळा आहे : ह्या स्पर्धेत गाणे ह्या वस्तूचे काय होते? त्याचे उत्तर शोधताना स्पर्धकापेक्षा, किंबहुना परीक्षकापेक्षाही, एका तिसऱ्याच व्यक्तीकडे लक्ष जाते. ती व्यक्ती म्हणजे त्या दिवसापुरता येणारा पाहुणा : कधी गीताचा मूळ गायक, कधी संगीतकार, कधी नव्या चित्रपटाच्या निमित्ताने आलेला कलावंत. त्याची खुर्ची शोभेची मानली जाते. वस्तुतः स्पर्धेचे मूल्यमाप तिच्यावरूनच ठरते, असे दाखवून देता येते.

२

गायकांना एकमेकांसमोर उभे करण्याची हौस महाराष्ट्राला दूरचित्रवाणीने लावलेली नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ह्या हौसेतूनच वाढले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात केशवराव भोसले धैर्यधराच्या आणि बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते, आणि श्रोते मनातल्या मनात तराजू घेऊन बसले होते. परंतु त्या तराजूत निकाल नव्हता. दोन घराण्यांच्या, दोन नाटकमंडळ्यांच्या गायकीतील अंतर ऐकणे, हाच त्या रात्रीचा लाभ होता. कोणी कोणाची नक्कल करावी, अशी अपेक्षा तेथे संभवतच नव्हती.

स्पर्धेला निकाल आणि परीक्षक मिळाले ते पुढे. १९५७ साली मुंबईत झालेल्या मेट्रो-मर्फी स्पर्धेत महेंद्र कपूर विजयी झाले. परीक्षकांत नौशाद, अनिल विश्वास, मदन मोहन, वसंत देसाई आणि सी. रामचंद्र असे संगीतकार होते. ह्यांपैकी सी. रामचंद्र ह्यांच्याच संगीतदिग्दर्शनाखाली 'नवरंग' (१९५९) मध्ये महेंद्र कपूर गायले. परीक्षणाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. ज्याला उद्या नवी चाल बांधावयाची आहे, तो त्या चालीसाठी कंठ शोधीत होता. स्पर्धकाने गायिलेले गाणे हे साधन होते आणि पुढे बांधले जाणारे गाणे हे साध्य.

१९९५ साली झी वाहिनीवर गजेंद्र सिंह ह्यांच्या दिग्दर्शनाखाली आणि सोनू निगम ह्यांच्या सूत्रसंचालनाने 'सा रे ग म' सुरू झाली, तेव्हा ही परंपरा बऱ्याच अंशी टिकून होती. शास्त्रीय आणि चित्रपट-संगीतातील ज्येष्ठ मंडळी पाहुणे म्हणून येत व तीच परीक्षण करीत, म्हणजे पाहुणा आणि परीक्षक अद्याप वेगळे झालेले नव्हते. श्रेया घोषाल बालकांच्या विशेष फेरीत विजयी झाल्या, तेव्हा परीक्षक म्हणून कल्याणजी उपस्थित होते. त्यांनी घोषाल कुटुंबाला मुंबईस येण्याचा आग्रह केला आणि पुढे श्रेया ह्यांना शिकविलेही. 'देवदास' (२००२) मधील त्यांचे गाणे ह्या वाटेवरचा पुढचा टप्पा होय. पाहुणा हा येथे स्पर्धेतून बाहेर, म्हणजे शिक्षणाकडे आणि नव्या रचनेकडे, नेणारे दार होता.

३

ह्या दोन भूमिकांची फारकत २००४ नंतर झाली. ब्रिटनमध्ये २००१ साली सायमन फुलर ह्यांनी निर्मिलेल्या 'पॉप आयडॉल'चा साचा 'इंडियन आयडॉल' ह्या नावाने येथे आला. मार्च २००५ मध्ये मुंबईचे अभिजीत सावंत विजयी झाले आणि एका मराठी तरुणाचे नाव देशभर पोहोचले. अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान हे परीक्षक मोसमभर कायम राहिले. परीक्षक कायमचा झाला की पाहुण्याला परीक्षणाचे काम उरत नाही. मग तो सत्कारमूर्ती होतो किंवा स्वतःच्या नव्या चित्रपटाचा प्रचारक. हिंदी स्पर्धांत दुसरा प्रकार वाढला. अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात चित्रपटांचे स्टुडिओ आणि वाहिन्यांचे मंच शेजारीशेजारी असल्याने त्याला सोयही होती. मराठी स्पर्धांत मात्र पहिला प्रकार रुजला, आणि त्याचा परिणाम अधिक खोल झाला.

हे स्पष्ट होण्यासाठी आयर्लंडचे उदाहरण तुलनेस घेता येते. २०११ च्या गणनेत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ४६ लाख होती. त्याच वर्षीच्या भारतीय जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. आयरिश राष्ट्रीय वाहिनीवर २००२ साली 'यू आर अ स्टार' ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रयोजन ठरलेले होते : विजेत्याने युरोव्हिजन स्पर्धेत देशातर्फे नवे गाणे गावयाचे. मिकी हार्ट ह्यांनी २००३ साली रीगा येथे तसे गायिले व ११ वा क्रमांक मिळविला. २००५ साली डॉना आणि जो मॅकॉल ही भावंडे उपांत्य फेरीतच बाद झाली आणि स्पर्धेचा युरोव्हिजनशी असलेला संबंध संपला. पुढे २०१२ ते २०१६ ह्या काळात तेथे 'द व्हॉइस ऑफ आयर्लंड' झाली. तीत खुर्चीवर बसणारे स्वतः गायक होते. ब्रायन केनेडी ह्यांनी २००६ साली युरोव्हिजनमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले होते. शॅरन कॉर व डोलोरेस ओ'रिओर्डन ह्यांची ख्याती जगभर पसरलेल्या वाद्यवृंदांतून आली होती. त्यांचा अधिकार बाहेर, म्हणजे जगात, मिळविलेला होता, आणि स्पर्धकाने तेथवर जावे हा त्यांच्या उपस्थितीचा अर्थ होता. आयरिश प्रयोग यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. तथापि स्पर्धेच्या शेवटी एक नवे गाणे असावे ही अट तेथे काही वर्षे तरी पाळली गेली, एवढे नोंदविले पाहिजे.

मराठी स्पर्धेतील पाहुण्याचा अधिकार निराळ्या जातीचा आहे. तो बाहेरून येत नाही; तो गाण्याच्या आतून येतो. जे गीत स्पर्धक गाणार आहे, ते ह्या व्यक्तीने प्रथम गायिले किंवा बांधले, हीच तिची पात्रता. अशी व्यक्ती समोर बसली की गाणे म्हणजे 'तिचे' गाणे होते, आणि स्पर्धकाचे कर्तव्य ते जसेच्या तसे परत करणे, एवढे उरते. 'हुबेहूब' हा शब्द स्तुतीचा सर्वोच्च शब्द बनतो. अनुकरण हा शिक्षणाचा पहिला टप्पा आहे, हे कोणताही गुरू मान्य करील. परंतु पहिला टप्पाच अंतिम निकष ठरणे ही वेगळी गोष्ट आहे.

४

ह्या निकषाची उत्तम कसोटी म्हणजे झी मराठीवरील 'सा रे ग म प'चे २००८-०९ चे 'लिटल चॅम्प्स' पर्व. पल्लवी जोशी सूत्रसंचालक आणि अवधूत गुप्ते व वैशाली सामंत परीक्षक असलेल्या त्या पर्वात फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड विजयी ठरली. अंतिम फेरीतील पाच मुलांकडे पाहिले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कार्तिकी आळंदीची, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा, आर्या आंबेकर पुण्याची, रोहित राऊत लातूरचा आणि मुग्धा वैशंपायन अलिबागची. ह्यांत मुंबईचे एकही मूल नाही. आळंदीच्या मुलीच्या आवाजात वारकरी भजनाची फेक होती. आरवलीच्या मुलाला कोकणातील नाट्यगीत-अभंगांच्या बैठकीचा संस्कार होता. ह्या पाच मुलांनी पाच प्रदेशांतील गाणे मुंबईच्या मंचावर आणले, आणि श्रोत्यांनी दूरध्वनीवरील संदेशांनी मते देऊन त्यांना डोक्यावर घेतले, ह्याचे कारण हा वेगळेपणाच होता. श्रोत्यांनी प्रेम केले ते वेगळेपणावर. पाहुण्यांसमोर कौतुक झाले ते बहुधा मुळाशी जुळण्याचे. पर्वाचे सारे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ह्या विसंगतीत आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. भावगीत ही बांधीव रचना आहे. ख्यालाप्रमाणे तिचा विस्तार करता येत नाही. तेव्हा मुळाशी इमान राखणे हाच तिचा धर्म नव्हे काय? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु 'मूळ' ही वस्तू समजतो तितकी स्थिर नाही. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ह्यांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर, दर आठवड्यास एक नवे गीत ह्या क्रमाने, ५६ गीतांत प्रसारित झाले. त्या प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गायक होते. आज मराठी माणसाच्या कानात जे 'मूळ' आहे ते मात्र मुख्यतः फडके ह्यांनी एकट्याने रंगमंचावर गायिलेले. ह्याचा अर्थ असा, की गीताच्या जन्मानंतर काही काळातच त्याचे मूळ बदलले, आणि त्याने गीताची हानी झाली नाही. बांधीव रचनेतही गायकाच्या कंठाला, उच्चाराला आणि अर्थबोधाला जागा असते. ती जागा कोठे आहे आणि कोठे नाही, हे सांगण्याचा खरा अधिकारी रचनाकारच.

म्हणूनच पाहुण्याच्या भूमिकेत दोन परस्परविरुद्ध शक्यता आहेत. तो गाणे बंद करू शकतो आणि तोच ते उघडूही शकतो. 'अगदी माझ्यासारखे गायलास' असे म्हणणारा पाहुणा गाणे बंद करतो. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी अमुक शब्दावर थांबलो ते श्वास संपला म्हणून, त्यात काही गूढ नाही, असे सांगणारा पाहुणा ते उघडतो. कारण तो क्षण नियम नव्हता, निवड होती, हे स्पर्धकाला कळते. परीक्षक कितीही जाणकार असला तरी हे स्वातंत्र्य तो देऊ शकत नाही. ते मूळ कर्त्याकडूनच मिळते.

५

२०२१ साली 'लिटल चॅम्प्स' पुन्हा सुरू झाले तेव्हा २००८-०९ चे तेच पाचजण परीक्षकांच्या जागी बसले. मुंबईच्या उपनगरांतील नाट्यगृहांतही, विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात, मुलुंडच्या कालिदासात, स्पर्धांतून पुढे आलेले गायक जुन्या गीतांचे कार्यक्रम करतात आणि श्रोते तिकीट काढून ते ऐकतात. स्पर्धेने स्वतःच्या पाहुण्यांची पुढील पिढी स्वतःच घडविली, असे ह्याचे वर्णन करता येईल. ही गोष्ट आनंदाची आहे, कारण ह्या मुलांचे गाणे टिकले, वाढले. अल्पवयीन कीर्ती करपून जाते हे भाकीत त्यांच्याबाबत खोटे ठरले. परंतु एक अंतर नजरेआड होऊ नये. १९५७ चा परीक्षक गाण्याचा निर्माता होता. नंतरचा पाहुणा गाण्याचा मूळ गायक होता. २०२१ चा परीक्षक हा मुख्यतः दुसऱ्यांच्या गाण्याचा उत्तम गायक म्हणून ओळखला गेलेला आहे. प्रत्येक टप्प्यावर खुर्ची रचनेपासून एकेक पायरी दूर सरकली आहे.

ह्याला उपाय नाही असे नाही. २०१७ साली कलर्स मराठीवर सुरू झालेल्या 'सूर नवा ध्यास नवा'ने नावापुरती तरी नव्याची दिशा दाखविली, आणि महेश काळे ह्यांच्यासारखा बैठकीचा गायक तीत बसविला. पण खरे उदाहरण त्याहून जुने आहे. यशवंत देव ह्यांच्या काळात मुंबई आकाशवाणीच्या 'भावसरगम'मधून नवी भावगीते नियमाने श्रोत्यांपुढे येत. तेथे बक्षीस नव्हते, मतदान नव्हते. गाणे नवे असणे, हीच अट होती. नभोवाणीच्या एका लहानशा स्टुडिओला जे साधले ते प्रचंड मंचाला का साधू नये, हा प्रश्न वाहिन्यांना विचारणे रास्त आहे. अंतिम फेरीतील प्रत्येक स्पर्धकासाठी एक नवी रचना, आणि त्या दिवशीचा पाहुणा म्हणून तिचा कवी व संगीतकार, एवढ्याने स्पर्धेचे स्वरूप पालटेल. नव्या गाण्याला 'हुबेहूब' म्हणता येत नाही. तेथे परीक्षकालाही नव्याने ऐकावे लागते.

अभ्यासकांचेही एक कर्तव्य ह्यातून निघते. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. अरुण दाते आणि यशवंत देव २०१८ साली. लता मंगेशकर २०२२ साली. भावगीताच्या निर्मितीची प्रत्यक्ष माहिती असणारी पिढी ओसरत आली आहे. ह्या पिढीतील कलावंत दूरचित्रवाणीच्या मंचावर पाहुणे म्हणून चालीविषयी, शब्दांच्या फेरफाराविषयी, ध्वनिमुद्रणाविषयी जे बोलले, ते अन्यत्र लिहिलेले असेलच असे नाही. करमणुकीचा कार्यक्रम म्हणून ह्या सामग्रीकडे पाठ फिरविणे विद्यापीठीय संशोधनाला परवडणारे नाही. ती मिळविणे, तिची तारीखवार नोंद ठेवणे आणि ध्वनिमुद्रिकांशी व छापील संहितांशी ती ताडून पाहणे, हे काम मराठी आणि संगीत ह्या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. स्पर्धेचा निकाल काही वर्षांत विसरला जाईल. एखाद्या संगीतकाराने अमुक अक्षरावर सम का आणली हे त्याच्याच तोंडून मिळालेले उत्तर मात्र त्या गीताच्या प्रत्येक पुढील अभ्यासाला उपयोगी पडेल.