एका ‘खट्’चं रसग्रहण

रत्नागिरीत जुन्या मारुती ८००च्या पुढच्या चाकातला ‘खट्’ ऐकायचा असेल, तर पाऊस सरल्यावर ऐकावा. पावसाळाभर रबरी बुश ओले राहतात, त्यांची कुरकुर बंद पडते आणि मालकाला वाटतं, गाडी आपोआप बरी झाली. तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाणी कोसळून जातं, रस्ते वाळतात, जांभ्याची तांबडी धूळ उडू लागते आणि कुरकुर परत येते. मात्र या वेळी तिच्यासोबत आणखी एक आवाज असतो, कोरडा आणि टणक. पावसात बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली असते, ग्रीस धुऊन गेलेलं असतं आणि आत शिरलेल्या मातीने पोलाद घासून काढलेलं असतं. दोन्ही आवाज एकाच कोपऱ्यातून येतात. त्यांना वेगळं ओळखणं हीच खरी विद्या.

डिसेंबर १९८३मध्ये पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली, जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर ती अजून चालते. या गाडीचा आवाज मला मोलाचा वाटतो, कारण ती काही लपवत नाही. स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे चाकाची थरथर रॅकमधून थेट तळव्यात येते. पुढची रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाची: स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, खांबाचं डोकं बॉनेटखाली बॉडीला बोल्ट केलेलं, खाली एक आर्म आणि एक बॉल जॉइंट. सांधे मोजके, म्हणजे संशयितही मोजके. पण खांब बॉडीलाच जोडलेला असल्याने सगळा पत्रा वाजतो. आवाज डाव्या चाकात जन्मतो आणि चालकाच्या पायाखाली ऐकू येतो. अनुभवी मेस्त्रीसुद्धा इथे चकतो.

माझी गाडी बघणारे मेस्त्री आधी पान्याला हात लावत नाहीत. डिकी रिकामी करायला लावतात. जॅक, स्टेपनी, विसरलेली पाण्याची बाटली, सगळं खाली. मग प्रश्न. “ब्रेक दाबलात की वाजतो काय? सोडलात की परत वाजतो काय?” या दोन प्रश्नांतलं सौंदर्य मला उशिरा उमगलं. या गाडीत स्टॅबिलायझर बारची टोकं खालच्या आर्ममध्ये बुश घालून अडकवलेली असतात. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं. बुश झिजलेला असेल तर जाताना एकदा ठोका, येताना एकदा. खड्डा नसतानाही ही जोडी ऐकू आली, तर बोट कुठे ठेवायचं ते जवळजवळ ठरलंच.

पुढची परीक्षा भाट्ये पुलावर. पुलाच्या सांध्यांवर दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी उचलली जातात, म्हणून स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही. पुलावर गप्प असलेली गाडी पुढे एकाच चाकाखाली खड्डा आल्यावर वाजली, तर संशय बारच्या बुशांवर. दोन्हीकडे वाजली, तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग किंवा बॉल जॉइंट बघायचा. एक पूल आणि एक खड्डा, एवढ्यात निम्मे संशयित गळतात. यंत्राशिवाय केलेला इतका नेमका प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

मग काचा खाली करून दोन जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद रस्त्याने गाडी सावकाश न्यायची. उघड्या माळावर विरून जाणारा आवाज गडग्यावर आपटून कानाशी येतो आणि बाजू कळते. फणस थापटून तयार झालाय की नाही सांगणाऱ्या माणसाचा जो चेहरा असतो, तो मेस्त्रींचा तेव्हा असतो.

गाडी जॅकवर चढवून चाक हलवणं सर्वांना येतं. आडवं धरून हलवलं तर टाय रॉड एंड आणि रॅक बोलतात, उभं धरून हलवलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर ढील नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा. पण जॅकवर चाक लोंबकळतं, बुश वेगळ्याच स्थितीत ताणले जातात आणि पुष्कळदा आवाज दडी मारतो. म्हणून मेस्त्री गाडी जमिनीवरही तपासतात. हाताखालचा मुलगा आत बसून स्टिअरिंग चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे हलवतो. मेस्त्री खाली हात घालून एकेक सांधा धरतात. धक्का बोटांना लागतो तिथेच ते थांबतात. कॉइल स्प्रिंगवर हात ठेवला आणि स्टिअरिंग फिरवताना ती अडून एकदम सुटली, तर वरच्या माउंटिंगचा बेअरिंग जाम झालेला. त्यासाठी टॉमी घालून काही उचकटावं लागत नाही.

काही ठिकाणी एकेक भाग बदलत राहायची पद्धत आहे. आवाज शेवटी जातोही, पण कशाने गेला ते कुणालाच कळत नाही. शिवाय आर्मचे बुश गाडी जॅकवर असतानाच आवळले, तर वजन आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असताना करायचं, एवढी एक गोष्ट पाळणारा मेस्त्री मी चांगला मानतो.

तुमच्या गाडीत असा आवाज असेल, तर मेस्त्रींना कुठला भाग बदलायचा ते सुचवू नका. आवाज कधी येतो, कधी थांबतो, कोणत्या वळणावर वाढतो, ते नीट आठवून सांगा. आणि शोध बॉल जॉइंटपाशी येऊन थांबला, तर गाडी तशीच घरी नेऊ नका. तो निखळला की चाक खालच्या आर्मपासून सुटतं आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी वळत नाही.