चौकटीबाहेरचे मुख्याध्यापक

नॉर्मन रॉकवेल यांच्या १९६४ सालच्या चित्रात पांढऱ्या फ्रॉकमधली एक कृष्णवर्णीय मुलगी शाळेला निघाली आहे. भिंतीवर शिवी नि फुटलेला टोमॅटो. पुढेमागे चार सरकारी रक्षक, चौकटीने शिरे कापलेले. प्रसंग न्यू ऑर्लिन्सचा, १९६०चा. मुलगी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस. शाळा मात्र चित्रात नाहीच!

अमेरिकेत काही ठिकाणी भावी मुख्याध्यापकांना सामाजिक न्यायाचे भान यावे म्हणून त्यांच्याकडून चित्रे काढवून घेतात. त्यांना हे चित्र नुसते दाखवून भागणार नाही. रुबीसाठी हळहळणे सोपे असते. दाराआतले त्यांनी स्वतः रंगवावे. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेल्याने ओस पडलेली बाके, वर्षभर एकट्या रुबीला शिकविणाऱ्या बार्बरा हेन्री... आणि मुख्याध्यापकांना कोठे उभे करावे? कुंचला तेथेच अडेल.