शरणागतीचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडील मराठी मंडळींच्या मासिक वाचनबैठकीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील काही भाग वाचले गेले. बैठकीस जमणारी मंडळी बहुतेक केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतली. बदलीच्या हुकुमाने आलेली आणि बदलीच्या हुकुमानेच जाणारी. वाचन रंगले, हशा पुष्कळ पिकला. अखेरीस एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांनी समारोप केला. ग्रंथ अव्वल दर्जाचा आहे यात शंका नाही. मात्र त्यातला तो धर्माचा भाग वगळला तरी ग्रंथाचे काही बिघडत नाही, असे ते म्हणाले. सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. घरी परतताना मात्र आपण खोटी मान डोलावली, असे वाटू लागले. त्या वेळी जे बोलायचे राहून गेले, ते येथे मांडण्याचा विचार आहे.

आम्ही ख्रिस्ती नाही, आणि कोणाच्या मतांतराची तरफदारी करणे हा या लेखाचा हेतूही नाही. प्रश्न वाङ्मयीन आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची घरगुती भाषा आणि त्यांचा निर्मळ सरळपणा यांची स्तुती मराठी टीकेने आजवर मनापासून केली आहे. पण हे गुण आले कोठून, हे विचारण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. जणू ते जन्मजात होते आणि धर्म हा त्यांच्या आयुष्यातला एक अपघात होता! आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा मुळात शरणागतीचा ग्रंथ आहे. देवापुढे स्वतःला खरोखरी मोकळे केल्यावर माणसाचे काय होते, आणि त्याच्या घराचे काय होते, याची इतकी प्रामाणिक नोंद मराठीत दुसरी आढळणे कठीण.

शरणागती हा शब्द आपल्या कानांना दोन प्रकारे ऐकू येतो. एक हरलेल्या सैन्याची, दुसरी भक्ताची. नवविधा भक्तीत शेवटचे स्थान आत्मनिवेदनाला आहे, हे कीर्तनातून ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. ख्रिस्ती जीवनातही हाच गाभा आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ख्रिस्ताने आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. ख्रिस्ती माणसाने तेच रोज करायचे असते. हे सांगण्यास सोपे आहे. ‘स्मृतिचित्रे’ ते सांगत नाही. ते घडताना, चुकताना, अडखळताना दाखविते.

प्रथम नारायण वामन टिळकांचे पाहू. १८९३ साली ते नोकरीच्या शोधात नागपुराहून राजनांदगावास निघाले होते. गाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. आणि त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. त्या अनोळखी प्रवाशाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पुढे डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नागपूरहून पूर्वेकडे बदली झालेल्या आमच्यासारख्यांना राजनांदगाव हे वाटेवरचे एक स्टेशन म्हणून माहीत असते. तेथून जाताना आम्हांला दर वेळी वाटते, की एका प्रवासाने एवढे उलटेपालटे करावयाचे म्हणजे जमीन आधीपासूनच नांगरलेली असली पाहिजे. ती नांगरलेली होतीच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

पण बाप्तिस्मा म्हणजे शरणागती नव्हे. आणि हे टिळकांची पत्नीच आपल्याला दाखवून देते, हे या ग्रंथाचे मोठेपण. बाप्तिस्म्यानंतरचे टिळकही तापटच आहेत. घरात आणावयास सांगितलेले एक आणि ते आणणार भलतेच. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जातो. मनात आले की उठावे आणि चालू लागावे, ही वृत्ती तशीच. मत बदलले, देव बदलला, माणूस अजून जुनाच आहे. चरित्रकार सहसा येथे डोळे मिटतात आणि धर्मांतराच्या दिवसापासून संत उभा करतात. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्यामुळे पुढे टिळकांत जेव्हा खराच पालट दिसू लागतो, तेव्हा त्यावर आपला विश्वास बसतो.

पंडिता रमाबाईंची साक्षही येथे आठवते. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट कबूल केले, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त नव्हे. तो सापडावयास आणखी काही वर्षे लागली. एवढ्या विदुषीने हे लिहिले, याचे मोल फार आहे. धर्म बुद्धीने पत्करता येतो. शरण जाणे हे निराळे काम आहे, आणि त्याची तारीख बहुधा नोंदवहीत सापडत नाही.

आता लक्ष्मीबाई. ग्रंथाचा आरंभ ज्या घरात होतो तेथे धुण्याला अंत नाही. १८५७ च्या धामधुमीत आजोळच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचा असा ध्यास जडला, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही. आपण हे वाचून हसतो, आणि लक्ष्मीबाईंनाही आपण हसावे असेच वाटते. पण सबंध ग्रंथ वाचून पुन्हा या पानांकडे वळावे. भीतीने ग्रासलेला एक माणूस शुद्ध होण्यासाठी जग धूत बसला आहे, आणि त्याची मुलगी पुढे सबंध आयुष्यभर त्या पाण्यापासून दूर दूर चालत जाते. ग्रंथाची रचना ही आहे. कोणी ती आखलेली नाही. आयुष्यानेच ती घातली आहे.

नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मूल, माहेरच्यांची दया, लोकांच्या नजरा आणि जिवंत नवऱ्याचा वियोग! काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरास गेल्या, त्या ख्रिस्ताकडे म्हणून नव्हे, तर नवऱ्याकडे म्हणून. तेथेही प्रथम आपले सोवळे सांभाळून, आपले वेगळे शिजवून राहिल्या. टिळकांनी त्यांना ओढले नाही, ही गोष्ट नीट लक्षात घेण्याजोगी आहे. घाईच्या स्वभावाच्या माणसाने या एका बाबतीत घाई केली नाही. त्यांच्यातल्या पालटाची पहिली खूण आम्हांला येथे दिसते.

मग एके दिवशी, जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःशीच सोडवितात. कोणाचे प्रवचन नाही, पोथी नाही, वाद नाही. उत्तर मिळताच त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सिद्ध होतात. बाप्तिस्मा यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. टिळकांनी आधी देव मानला आणि मग हळूहळू हात सैल झाले. लक्ष्मीबाईंचे हात आधी सैल झाले आणि मग त्यांना कळले, की आपण कोणाच्या स्वाधीन झालो आहोत. त्यांच्या भोवतालचे घर पाहा. दुष्काळात अनाथ झालेली मुले त्या घरात वाढतात. ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, धर्म न बदलता त्या घरात मुलासारखे राहतात. मीठ धुणाऱ्या घरातील मुलीच्या स्वयंपाकघराला आता दार उरलेले नाही. या पालटास दुसरे कोणते नाव द्यावे?

यावर आमच्या वडीलधाऱ्या मित्राच्या वतीने एक आक्षेप आम्हीच घेतो, कारण तो खरा आहे. शरणागती टिळकांनी करावी आणि तिची किंमत बायकोमुलांनी मोजावी, यात न्याय कोणता? १८९५ साली हे झाले, आणि १९१७ साली पुन्हा झाले. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, ही कल्पना. कल्पना थोर होती. पण वेतन थांबले म्हणजे चूल कशी पेटायची, हा प्रश्न संन्याशाला नसतो, त्याच्या घराला असतो.

आम्ही कारकून आहोत. राजीनामा या शब्दाचे वजन आम्हांला जितके कळते तितके कदाचित तत्त्वज्ञांना कळत नसेल. महागाई भत्त्याचा हप्ता, घरभाडे, मुलांची फी आणि निवृत्तीनंतरची तजवीज या चार खुंट्यांना आमचे आयुष्य टांगलेले असते. वीस वर्षांहून अधिक काळ एका संस्थेची सेवा केलेला, पंचावन्न वर्षे वय उलटलेला माणूस हे सारे सोडतो, हे वाचताना आमच्या मनात प्रथम आदर येत नाही, राग येतो. आणि त्या रागाच्या मागे थोडी असूया असते, हेही कबूल केले पाहिजे.

लक्ष्मीबाईंनी या आक्षेपाचे उत्तर दिलेले नाही. त्यांनी तो लपविलाही नाही. नवऱ्याच्या लहरींनी झालेली ओढाताण, पैशांची चणचण, भांडणे, रुसवे, सारे त्यांनी मांडले आहे. आणि तरी त्या पानांत कडवटपणाचा थेंब नाही. आमच्या मते त्यांच्या विनोदाचे रहस्य येथे आहे. ज्याला आपले येणे वसूल करावयाचे असते, त्याला असे हसता येत नाही. त्याच्या विनोदाला टोक येते, तो बोचतो. लक्ष्मीबाईंनी आपल्या येण्याचा हिशेब केव्हाच दुसऱ्याच्या हवाली केला होता. म्हणून त्यांना टिळक जसे होते तसे दिसतात, आणि त्याहून अवघड म्हणजे, स्वतः लक्ष्मीबाईही जशा होत्या तशा दिसतात. स्वतःच्या सोवळ्याची, हट्टाची, भाबडेपणाची थट्टा त्यांनी इतरांच्या आधी केली आहे. धर्माचा भाग वगळा, म्हणजे विनोद उरेल असे आपण म्हणतो. वगळून पाहावे. उरेल तो एका सोसलेल्या बाईचा तक्रारअर्ज.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. लक्ष्मीबाई घटना सांगतात, अंतरंग फारसे उघडत नाहीत. श्रद्धेच्या ज्या क्षणी वाचक थांबू इच्छितो, तेथून त्या चटकन पुढच्या प्रसंगाकडे जातात. ज्याला प्रार्थनेची भाषा हवी त्याने टिळकांच्या ‘अभंगांजली’कडे वळावे. मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते आजही गायली जातात, आणि ती योग्यच मानाने गायली जातात. मात्र त्या गीतांविषयी आमची एक शंका आहे. अभंगाचा छंद आणि संतांची शब्दकळा आपल्या कानांत इतकी मुरलेली आहे, की ती ऐकताना मन सहज डोलू लागते. शरण जाण्यात काही मोजावे लागते, हे त्या गोडीत विसरायला होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते विसरता येत नाही. प्रत्येक पानावर कोणी ना कोणी काही मोजीत असते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ‘देवाच्या दरबारा’ला त्यांच्या हातून दोन वर्षेही धड मिळाली नाहीत. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे आरंभीचे काही अध्यायच त्यांच्याकडून झाले होते. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे जवळजवळ सतरा वर्षे जगल्या. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि नवऱ्यापाशी अक्षरे शिकलेल्या या बाईंनी त्या अपुऱ्या काव्याचा फार मोठा विस्तार स्वतः रचला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुढे चार भागांत निघाले आणि १९३६ साली त्या वारल्या. ज्याच्या शरणागतीची किंमत आयुष्यभर मोजली, त्याचेच अर्धे राहिलेले काम हाती घ्यावे आणि त्याच्याच ओळींपुढे आपल्या ओळी जोडीत बसावे! आम्ही वर घेतलेल्या आक्षेपाला याहून निराळे उत्तर आमच्यापाशी नाही. कदाचित ते पुरेसे नसेलही. पण ज्या बाईंवर अन्याय झाला असे आपण म्हणतो, त्यांनी ते दिले आहे, आणि त्यांना डावलून त्यांची बाजू घेण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

आमच्या वडीलधाऱ्या मित्रांची बदली झाली. ते येत्या महिन्यात येथून जात आहेत. निरोपाच्या दिवशी त्यांना काय द्यावे याचा विचार चालू आहे. मंडळाच्या कपाटातील प्रत देता येणार नाही, म्हणून आम्ही ‘स्मृतिचित्रे’ची नवी प्रत मागविली आहे. बैठकीत वाचले न गेलेले भाग त्यांनी गाडीत वाचावेत, एवढीच विनंती करणार आहोत. त्यांची गाडी राजनांदगाववरूनच जाते.