ब्रामासोले : घर, घटस्फोट आणि दोन कथने

अमेरिकन कवयित्री फ्रान्सिस मेज यांचे ‘अंडर द टस्कन सन’ हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीच्या टस्कनी प्रांतात, कोर्तोना गावालगत त्यांनी १९९० मध्ये घेतलेल्या जुन्या घराची ती हकिगत. घराचे नाव ब्रामासोले, म्हणजे सूर्याची आस धरणारे. २००३ मध्ये ऑड्री वेल्स यांनी त्यावर चित्रपट काढला. घटस्फोटानंतर परदेशात नव्याने आयुष्य मांडणाऱ्या बाईची गोष्ट म्हणून दोन्हींची नावे एका दमात घेतली जातात. मीही चित्रपट आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा त्यांत घटस्फोटाची जागाच वेगळी असल्याचे जाणवले.

चित्रपटात संसार सुरुवातीलाच मोडतो. राहते घर नवऱ्याकडे जाते. मैत्रिणीने दिलेल्या तिकिटावर नायिका सहलीला निघते, बसमधून मध्येच उतरते आणि घर विकत घेऊन टाकते. पुढचे सारे जखम भरून येण्याचे टप्पे : भिंत पडते, प्रियकर भेटतो, दुरावतो; शेवटी घरात दुसऱ्या जोडप्याचे लग्न लागते आणि तिच्यापुढेही नवा पुरुष येऊन उभा राहतो. इथे घर म्हणजे औषध.

पुस्तकात घटस्फोट आहे, पण पार्श्वभूमीला. एड हा जोडीदार पहिल्यापासून सोबत आहे. मेज यांनी त्याआधी टस्कनीत भाड्याच्या घरांत उन्हाळे काढलेले आहेत. पानोपानी येतात ते विहिरीचे पाणी, बांधाची दगडी भिंत, पोलिश मजूर, खर्चाचे अंदाज, ऑलिव्हची झाडे आणि स्वयंपाक. विद्यापीठातली नोकरी सुटलेली नाही. सुट्टी संपली की सॅन फ्रान्सिस्कोला परत. जुने आयुष्य टाकून नवे घेतलेले नाही. जुन्याच्याच पगारावर नवे उभारले आहे.

पटकथेला असे बदल लागतात, हे मान्य. पण संसारातून बाहेर पडलेल्या बाईला या दोन कथनांतून मिळणारा सल्ला अगदी वेगळा आहे. चित्रपट सांगतो, एकदा उडी मार, माणसे येऊन घर भरेल. पुस्तक सांगते, बचत लागेल, कागदपत्रे लागतील, वर्षे लागतील. आपल्याकडे बाईच्या दोन घरांना नावे आहेत, माहेर आणि सासर, दोन्ही दुसऱ्यांची. तिच्या स्वतःच्या नावावरच्या तिसऱ्या घराला आपल्या भाषेत असा रुळलेला शब्द नाही. म्हणून मला पुस्तकाचा रुक्ष हिशेब चित्रपटाच्या दिलाशापेक्षा मोलाचा वाटतो.

पण पुस्तकालाही एक प्रश्न विचारायला हवा. टस्कनीच्या डोंगरउतारांवरची इतकी घरे रिकामी का पडली होती? तिथे शतकानुशतके ‘मेझाद्रिया’ ही वाट्याची शेती चाले. पिकाचा साधारण निम्मा भाग जमीनमालकाला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे, कारखान्यांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद केले. मागे राहिले पडके गोठे आणि रान माजलेले ऑलिव्हचे मळे. कोकणातली कुलूपबंद घरे पाहिलेल्या वाचकाला हे उलगडून सांगायला नको. पुस्तकाचा भर पडीक जागेच्या सौंदर्यावर आहे, ती पडीक होण्याच्या इतिहासावर नाही. एकीची सुरुवात अनेकांच्या निघून जाण्यावर उभी राहते, ही बाजू त्यामुळे झाकलेली राहते.

आणखी एक गोष्ट. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला. इटलीत तो डिसेंबर १९७० मध्ये आला आणि मे १९७४ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी टिकला. ज्या भूमीला आपण मुक्तीची भूमी म्हणून पाहतो, तिथल्याच बायकांना ही वाट फार उशिरा मोकळी झाली.

पुस्तकात आणि चित्रपटातही एक म्हातारा ब्रामासोलेपाशी येऊन रस्त्याकडेच्या छोट्या देवळीत फुले ठेवतो. चित्रपट अखेरीस त्याच्याकडून नायिकेला ओळख देववतो, कारण तिथे सगळ्यांनी तिच्या बरे होण्याची साक्ष द्यायची असते. मला पुस्तकातला म्हातारा अधिक खरा वाटतो. तो मालकिणीसाठी येत नाही; फुले ठेवतो आणि आपल्या वाटेने जातो.