पहारेकऱ्याचा संशय आणि कायद्याचा शेवटचा क्षण

पुत्रशोकातून जन्मलेल्या पुस्तकाचे परीक्षण करणे नाजूक काम आहे. वकिलाने ते करणे तर अधिकच अवघड. सिब्रिना फुल्टन व ट्रेसी मार्टिन ह्या मातापित्यांनी आपल्या मुलाविषयी लिहिलेले व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'रेस्ट इन पॉवर' हे इंग्रजी पुस्तक वाचताना आम्हांस ह्याचा पदोपदी प्रत्यय आला. आई आणि बाप ह्यांनी आळीपाळीने प्रकरणे लिहावीत, अशी त्याची मांडणी आहे.

घटना पुष्कळांस ठाऊक असेल. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात सॅनफर्ड हे शहर आहे. तेथील एका कुंपणबंद वसाहतीत बापासह पाहुणा म्हणून आलेला ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा २६ फेब्रुवारी २०१२ च्या सायंकाळी, पावसात, दुकानातून गोळ्यांची पुडी व पेयाचा डबा घेऊन परतत होता. रहिवाशांच्या पहाऱ्याचा प्रमुख जॉर्ज झिमरमन, वय २८, ह्यास तो संशयास्पद वाटला. त्याने पोलिसांस दूरध्वनी केला. तुम्ही त्याच्या मागे जात आहात काय, ह्या प्रश्नास त्याने होकार देताच, तसे करण्याची गरज नाही, असे त्यास सांगण्यात आले. पोलीस यावयास निघाले होते. ते पोहोचण्यापूर्वीच दोघांची गाठ पडली, झटापट झाली आणि पिस्तुलाच्या एका गोळीने निःशस्त्र मुलगा मरण पावला.

पुस्तकाचे खरे बळ ह्यापुढील पानांत आहे. मुलगा रात्री परतला नाही म्हणून बाप सकाळी पोलिसांस कळवितो. अधिकारी घरी येतो आणि एक छायाचित्र दाखवितो. ज्याचा शोध घ्यावयाचा तो त्या घरापासून हाकेच्या अंतरावरच पडला होता! नवव्या वर्षी ह्याच मुलाने बापास घरातील आगीतून बाहेर ओढले होते, ही आठवण वाचल्यावर त्या छायाचित्राचा आघात किती खोल असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. न्यायालयात जो केवळ 'मयत' होता, त्यास येथे नाव, सवयी आणि घर परत मिळाले आहे.

परंतु हे पुस्तक साक्ष आहे, निवाडा नव्हे. बचाव पक्षाची बाजू त्यात तोलून पाहिली जाईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. ती बाजू दुबळी नव्हती. आरोपीच्या नाकास व डोक्याच्या मागील भागास जखमा होत्या. अंधारात वरचढ असलेली आकृती मुलाची होती, असे सुचविणारी एका शेजाऱ्याची साक्ष होती. आरोपीने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली नाही, हे निःसंशय सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर होता. सहा स्त्रियांच्या ज्युरीने १३ जुलै २०१३ रोजी आरोपीस निर्दोष ठरविले. माघार घेण्याचे बंधन काढून टाकणाऱ्या २००५ च्या कायद्यास लोक सर्व दोष देतात. पण त्या कायद्याखालील खटल्यापूर्वीची सुनावणी आरोपीने मागितलीच नव्हती. ज्युरीस दिलेल्या सूचनांत मात्र त्याचे शब्द होते.

आमच्या मते वर्म निराळेच आहे. ज्याने आधी कुरापत काढली त्याचा स्वसंरक्षणाचा हक्क मर्यादित होतो, हा नियम ज्युरीस सांगावा अशी फिर्यादी पक्षाची मागणी न्यायाधीशांनी नाकारली. पायी मागे जाणे हा गुन्हा नव्हता. परिणामी कायद्याचा दिवा पडला तो केवळ शेवटच्या क्षणावर. त्याआधीची संशयाची आणि पाठलागाची मिनिटे अंधारातच राहिली. पहाऱ्यातील माणसाने पाहावे आणि कळवावे, पाठलाग करू नये, ही शिकवण पोलीस खात्याच्या संयोजिकेने साक्षीत सांगितली होती. ती मोडल्याची किंमत कायद्याच्या तराजूत जवळजवळ शून्य ठरली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे, पूर्वीच्या दंडसंहितेच्या कलम ९९ प्रमाणेच, सरकारी संरक्षण मिळविण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. म्हणून येथे निकाल उलटच लागला असता, असे आम्ही म्हणणार नाही. पळून जाण्याचे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. पण 'अवधी होता काय?' हा प्रश्न न्यायाधीशास थोडे मागे वळून पाहावयास लावतो.

आणि संशयाचे म्हणाल तर आपणही निष्कलंक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच डवरी गोसाव्यांस, मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. तेथे स्वसंरक्षणाचा प्रश्न नव्हता. पण परका दिसताच त्यास चोर ठरविणारी दृष्टी तीच होती.

ह्या पुस्तकात कायद्याची चिकित्सा नाही, हा दोष आम्ही नोंदवितो. कायद्याने वगळलेली ती काही मिनिटे मात्र ते वाचकासमोर आणते. ज्यांच्या वाड्यावस्तीत रात्रीची गस्त चालते, त्यांनी ते अवश्य वाचावे.