यंत्र वापरणारा माणूस आणि मराठी विज्ञानकथा : तेरखेडा गावाच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

मराठी विज्ञानकथेचा इतिहास बहुधा लेखक आणि कृती यांच्या क्रमाने मांडला जातो. 1900 च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून आलेली ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरील 'चंद्रलोकाची सफर', विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य', भा. रा. भागवतांनी कुमारवाचकांसाठी केलेली व्हर्नची रूपांतरे, 1966 मधील मराठी विज्ञान परिषदेची स्थापना आणि त्यानंतर 1974 साली परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा, हे टप्पे अभ्यासकांना परिचित आहेत. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ही कथा पाठविणारे जयंत नारळीकर हे होत. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली आणि 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. एका वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा मिळण्यास लागलेला हा जवळजवळ अर्ध्या शतकाचा काळ होय.

या इतिहासात एक घटक मात्र फारसा आढळत नाही. तो म्हणजे यंत्र विकत घेणारा, वापरणारा, बिघडल्यावर दुरुस्तीला नेणारा आणि त्याविषयी पारावर वा चहाच्या टपरीवर मत देणारा सामान्य माणूस. मराठी विज्ञानकथेत शोध लावणारा शास्त्रज्ञ ठळक आहे आणि त्या शोधाने संकटात सापडलेली मानवजातही आहे. या दोहोंच्या मध्ये असणारे गाव मात्र नाही. प्रस्तुत लेखात ही उणीव धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा या गावाच्या संदर्भात तपासली आहे. तेरखेड्याची निवड करण्याचे कारण असे की, सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील हे गाव फटाके तयार करण्यासाठी ओळखले जाते. रसायनशास्त्र येथे पाठ्यपुस्तकातील विषय नसून पोटापाण्याचे साधन आहे. विज्ञानकथेने जेथे सहज पोहोचावे असे हे गाव आहे.

'शाप की वरदान' : मताचा साचा

तंत्रज्ञानाविषयीची लोकांची मते पाहू लागल्यास प्रथम एक साचा नजरेत भरतो. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांनी लिहिला आहे. पुढे 'दूरदर्शन : शाप की वरदान' झाले, त्यानंतर 'संगणक' आणि 'मोबाईल' हे शब्द त्याच जागी येऊन बसले. पूर्वार्धात फायदे, उत्तरार्धात तोटे आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर सर्व अवलंबून' हा समन्वय, अशी या निबंधाची रचना ठरलेली असते. शाळा सुटल्यावर निबंध विसरला जातो, साचा मात्र राहतो. 'मोबाईलने पोरे बिघडली' असे म्हणणारा गृहस्थ त्याच मोबाईलवर बाजारभाव पाहत असतो आणि यात त्याला विसंगती वाटत नाही, कारण पहिले विधान हे निबंधातील मत आहे आणि दुसरी गोष्ट हा त्याचा वापर आहे.

वापराच्या पातळीवरील लोकांचे निर्णय निबंधातील मतापेक्षा कितीतरी सूक्ष्म असतात. 2003 नंतर मोबाईल स्वस्त होऊ लागला, तेव्हा 'मिस्ड कॉल' या बिनखर्चाच्या खुणेची एक संपूर्ण भाषा ग्रामीण भागाने तयार केली. एक घंटी म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो, असे संकेत घरोघर ठरले. ही युक्ती कोणत्याही कंपनीने शिकविली नव्हती. बॅटरी किती दिवस टिकते, हँडसेट पडला तर फुटतो का, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, घरातील एकच फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो, सुनेच्या हातात तो केव्हा येतो, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घराने आपापली शोधली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर मिस्ड कॉलची ही भाषा पाहता पाहता निरुपयोगी झाली. एक संकेतव्यवस्था जन्मली, पसरली आणि पंधरा वर्षांच्या आत अस्तंगत झाली. एखाद्या परग्रहावर असे घडल्याचे वाचले असते तर ती उत्तम विज्ञानकथा ठरली असती. मराठी मुलखात ते प्रत्यक्ष घडले आणि विज्ञानकथेच्या नजरेतून निसटले.

खेदाची बाब अशी की, मराठीतील पुष्कळ विज्ञानकथा याच शालेय निबंधाच्या साच्यात अडकलेल्या दिसतात. प्रथम शोधाचे कौतुक होते, मग शोध हाताबाहेर जातो आणि शेवटी पश्चात्तापदग्ध शास्त्रज्ञ आपली टिपणे जाळून टाकतो. या कथांतील विज्ञान बरोबर असते. चुकीचा असतो तो त्यांतील समाज, कारण यंत्राचा स्वीकार किंवा धिक्कार याखेरीज त्याला काहीच करता येत नाही. वास्तवातील समाज यंत्राशी घासाघीस करतो.

नारळीकरांचे सामर्थ्य कोठे आहे?

या संदर्भात नारळीकरांच्या कथा पुन्हा वाचणे उद्बोधक ठरते. 20 मे 2025 रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या साहित्याचा गौरव प्रामुख्याने विज्ञानप्रसाराच्या अंगाने झाला. तो योग्यच आहे, कारण तो हेतू त्यांनी स्वतःही लपविला नव्हता. परंतु त्यांच्या ज्या कथा वाचकाच्या मनात घर करून राहिल्या, त्या विज्ञान समजावून देतात म्हणून राहिल्या नाहीत. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत क्रिकेटचा सामना, गणपतीची मूर्ती आणि मोबियसची पट्टी अशा तीन गोष्टी एकत्र येतात. उजव्या सोंडेचा गणपती दुर्मिळ असतो, त्याचे सोवळे कडक असते, हे मराठी घरात सर्वांना ठाऊक असते. डावे-उजवे उलटण्याची भूमितीतील अवघड कल्पना या घरगुती माहितीच्या आधारावर उभी राहते. मूर्ती वजा केली तर कथेत केवळ गणित उरेल.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा याहून पुढे जाते. पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकले असते तर काय, या प्रश्नाचे उत्तर लेखक केवळ साम्राज्याच्या नकाशात देत नाही. त्या पर्यायी जगातील मुंबईत आझाद मैदानावर सभा भरलेली असते, व्यासपीठावर अध्यक्ष नसतो आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी का, असे विचारणारे गंगाधरपंत श्रोत्यांच्या रोषास पात्र होतात. सभेचे अध्यक्षपद भूषविण्याची मराठी माणसाची हौस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रसंगातील खोच वेगळी सांगावी लागत नाही. इतिहास बदलला तर लोकांच्या सवयी कशा बदलतील, हे येथे एका रिकाम्या खुर्चीने दाखविले आहे. याउलट 'वामन परत न आला' या कादंबरीत लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीच्या आराखड्यावरून यंत्रमानव घडविण्याची थरारक कल्पना आहे, पण ती शास्त्रज्ञ, अधिकारी आणि हेर यांच्या वर्तुळातच फिरते. यंत्रमानव कोणाच्या दारात आला तर त्याला चहा विचारायचा की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. कादंबरी म्हणून तिचे कथानक अधिक भरगच्च आहे, तरी रिकाम्या खुर्चीइतके ती मनात रुजत नाही.

सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांनी या प्रकाराचा विस्तार केला. त्यांत जावडेकरांची 'आकांत' ही भोपाळच्या 1984 मधील वायुदुर्घटनेशी निगडित कादंबरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते, कारण तेथे रसायन प्रयोगशाळेतून वस्तीत उतरते.

भाषेचा प्रश्न

यासंबंधी थोडे भाषेविषयीही बोलले पाहिजे. विज्ञानकथेने मराठीला 'कृष्णविवर', 'यंत्रमानव', 'परग्रहवासी' असे सुबक शब्द सरावाचे करून दिले. त्याच काळात बोलीने इंग्रजी तांत्रिक शब्द उचलून त्यांचे वाक्प्रचार बनविले. 'डोके हँग झाले', 'त्याची रेंजच वेगळी', 'माझी चार्जिंग उतरली' ही वाक्ये निरक्षर माणूसही लीलया वापरतो. पहिली भाषा शुद्ध आहे, दुसरी जिवंत आहे. यंत्राच्या रूपकाने स्वतःच्या थकव्याचे वर्णन करणारा माणूस विज्ञानकथेतील पात्र होण्यास पूर्णतः पात्र असताना, तिच्यातील संवाद मात्र बहुशः पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत होतात. मराठवाडी बोलीतील विज्ञानकथा हा अद्याप अपवादच आहे. परिणामी ग्रामीण तरुणाला विज्ञानकल्पना भेटते ती 'कोई... मिल गया' (2003) किंवा 'रोबोट' (2010) यांसारख्या हिंदीतून पडद्यावर आलेल्या चित्रपटांतून, आणि मराठी विज्ञानकथा म्हणजे लहान मुलांचे वाचन अशी त्याची समजूत कायम राहते.

तेरखेडा : न लिहिलेली कथा

आता तेरखेड्याकडे वळता येईल. सोरा, गंधक आणि कोळसा हे शोभेच्या दारूचे जुने त्रिकूट. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी मिसळली की लखलखाट वाढतो, बेरियमच्या क्षारांनी हिरवा रंग येतो, स्ट्राँशियमने तांबडा. हे ज्ञान दारूकामातील माणसाच्या बोटांत असते. किती कोरडे, किती दाबून, कोणत्या हवेत काम थांबवायचे, याचा त्याचा अंदाज चुकला तर काय होते हेही त्याला माहीत असते. दारूकामातील स्फोटांत माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. तथापि या माणसाला कोणी वैज्ञानिक म्हणत नाही आणि तोही स्वतःला तसे समजत नाही. विज्ञानाविषयी त्याला विचारले तर तो बहुधा शाळेतील निबंधच सांगेल.

23 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांविषयी दिलेल्या आदेशाने अशा गावांचे जग बदलले. बेरियमच्या क्षारांवर बंदी आली, माळेच्या फटाक्यांवर बंदी आली, दिवाळीत रात्री 8 ते 10 हीच वेळ ठरविण्यात आली आणि ऑनलाइन विक्रीस मनाई झाली. केवळ कमी प्रदूषणकारी 'हरित' फटाक्यांना परवानगी राहिली. या हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या पुढाकाराने विकसित झाली. धूलिकण सुमारे 30 टक्क्यांनी कमी व्हावेत हे त्यांचे उद्दिष्ट आहे, आणि त्यांपैकी एका प्रकारात सोरा व गंधक ही जुन्या त्रिकुटातील दोन द्रव्येच वगळली आहेत. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. म्हणजे राज्याच्या एका टोकाला प्रयोगशाळा व परवाना आणि दुसऱ्या टोकाला दारूकाम करणारे हात, अशी ही रचना आहे. हवेतील विष कमी झाले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पिढीजात सूत्र कालबाह्य ठरल्यावर बोटांतील ज्ञानाचे काय होते, हा. विज्ञानकथेचा प्रश्न याहून वेगळा काय असतो?

येथे मराठी विज्ञानकथेच्या उगमाकडे पुन्हा पाहिले तर एक विलक्षण साम्य आढळते. व्हर्नच्या 1865 च्या मूळ कादंबरीतील चांद्रसफर कोणा खगोलशास्त्रज्ञाच्या ध्यासातून निघत नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे रिकामे बसलेले बाल्टिमोरचे तोफखानेवाले ती योजना आखतात. त्यांच्यातील अनेकांनी हातपाय गमावलेले आहेत, त्यांचे कसब स्फोटकांचे आहे आणि शांततेच्या काळात त्या कसबाला गिऱ्हाईक उरलेले नाही. म्हणून ते चंद्राकडे तोफ रोखतात आणि त्यांचा गोळा स्फोटक कापसाच्या बळावर सुटतो. धंदा बंद पडलेल्या दारूकामगारांची ही कथा आहे, आणि मराठीत विज्ञानकथा तिच्याच वाटेने आली. आपल्या समीक्षेने तिच्यातील चंद्र पाहिला, तोफखानेवाले पाहिले नाहीत.

फटाक्याविना दिवाळी ही कल्पना करून पाहावी. आकाशात ड्रोनची आरास होईल, मोबाईलमधून धडाडण्याचा आवाज येईल, धूर नसेल. शहरातील लेखक ही कथा लिहील तेव्हा ती बहुधा स्वच्छ हवेची सुखद कथा होईल, किंवा हरवलेल्या बालपणाची हळवी. तेरखेड्यातून लिहिली गेली तर तिचा आरंभच निराळा असेल. हरित फटाक्यांच्या वेष्टनावर आता क्यूआर कोड असतो. गिऱ्हाईक दुकानात उभे राहून मोबाईल त्यावर धरते आणि माल खरा की खोटा हे पडद्यावर पाहते. ज्याने तो फटाका वळला त्याच्या शब्दावर पूर्वी व्यवहार होत असे, आता त्याच्या मालाची साक्ष गिऱ्हाइकाच्या हातातील यंत्र देते. वळणाऱ्याच्या खिशातही तसाच मोबाईल आहे. दुकानात ते दोघे समोरासमोर आले आणि कोड उमटलाच नाही, तर कोण कोणाला काय म्हणेल, हे मराठी विज्ञानकथेला अजून लिहावयाचे आहे.